‘आधी कोर्टाची ऑर्डर आणा’ असं ठाण्यात सांगितलं, तर

प्रश्न, थोडक्यात: माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गेले तीन महिने गोळ्या बंद आहेत. शेजारी भिंतीतून आपल्याला शिव्या देतात असं म्हणतो. परवा वडिलांवर कोयता उगारला आणि तेव्हापासून माडीवरच्या खोलीत आतून कडी लावून बसलाय. ठाण्यात गेलो तर म्हणाले, घरगुती मामला आहे, आधी कोर्टाची ऑर्डर आणा. दवाखाना म्हणतो, पेशंट घेऊन या, मग बघू. पोलिसांना त्याला दवाखान्यात न्यायचा अधिकार आहे की नाही? आणि नेलं तर त्याच्यावर केस होईल का?

उत्तर:

ताई, हे वाचत असताना कोयता अजून त्याच्याजवळ असेल आणि घरातलं कुणी त्याच्या आवाक्यात असेल, तर वाचणं थांबवा आणि ११२ लावा. बाकीचं नंतर.

आता सरळ उत्तरं. पोलिसांना अधिकार आहे. कोर्टाची ऑर्डर लागत नाही. आणि दवाखान्यात नेलं एवढ्यावरून केस होत नाही.

मी २६ वर्षं एका जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक होते. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पोलिसांच्या गाडीतून उतरलेला माणूस आणि वॉर्डातली खाट यांच्या मधल्या व्हरांड्यात जे जे घडतं ते निस्तरणं हे माझं काम होतं. त्यामुळे कायदा मी पुस्तकापेक्षा भांडणांतून जास्त शिकले.

ठाण्यातल्या साहेबांनी तुम्हाला मुद्दाम परत पाठवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी बहुधा जुना कायदा सांगितला. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रीत अशी होती की पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, मॅजिस्ट्रेटनी ‘रिसेप्शन ऑर्डर’ दिली की मग मनोरुग्णालय. माझ्या नोकरीची पहिली कितीतरी वर्षं कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली गेली. आजारी माणूस, दोन कॉन्स्टेबल, रडून थकलेली आई आणि आमची फाइल, सगळे पुकारा व्हायची वाट बघत. शनिवारी दुपारी सापडलेल्या माणसाची रात्र कुठे जायची? ठाण्यात, आणि पुष्कळदा कोठडीतच. ज्या हवालदारांनी तेव्हा ही कामं केली ते आज ठाण्यात ज्येष्ठ आहेत, आणि ‘वेडसर इसम’ म्हटलं की त्यांच्या डोक्यात आपोआप कोर्ट येतं.

तो कायदा गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १०० पोलिसांसाठी आहे. ते मराठीत लिहून, छापून खिशात ठेवा. ठाण्यात तावातावाने बोलण्यापेक्षा कागद पुढे सरकवला की काम लवकर होतं.

या कलमात सगळं एका शब्दावर फिरतं. पोलीस या माणसाला ‘अटक’ करत नाहीत, ‘ताब्यात’ही घेत नाहीत, ‘संरक्षणात’ घेतात. आणि कायदा ‘घेऊ शकतात’ असं म्हणत नाही. ठाण्याच्या प्रमुखाचं ते कर्तव्य आहे असं म्हणतो. म्हणून तुमच्या प्रश्नातला ‘अधिकार’ हा शब्दच मला जरा कमी वाटतो. अधिकार वापरायचा की नाही हे साहेबांच्या मर्जीवर असतं. कर्तव्याचं तसं नसतं.

कर्तव्य दोन प्रसंगांत येतं. पहिला, हद्दीत कुणी भटकताना दिसला, त्याला मानसिक आजार असावा असं वाटलं आणि तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं दिसलं. दुसरा, आणि तो तुमचा आहे: हद्दीतल्या कुठल्याही माणसापासून, मानसिक आजारामुळे, त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असं मानायला कारण असलं. या दुसऱ्या भागात ‘रस्त्यावर’ किंवा ‘सार्वजनिक ठिकाणी’ असे शब्दच नाहीत. ‘ठाण्याच्या हद्दीत’ एवढंच आहे, आणि तुमची माडी हद्दीतच येते. ‘घरगुती मामला’ हे उत्तर इथे गळून पडतं. राहिला दाराचा प्रश्न. घर वडिलांचं असेल तर वडिलांनी किंवा तुम्ही पोलिसांना आत बोलवा, स्वतः पुढे होऊन जिना दाखवा, आणि बोलावल्याचं अर्जात लिहा. परवानगीचा वाद मग उरत नाही.

दुसरी अडचण साहेब सांगतील: ‘तो वेडा आहे हे आम्ही कसं ठरवायचं?’ ठरवायचंच नाहीये. निदान डॉक्टरांचं. पोलिसांना फक्त ‘मानायला सबळ कारण’ लागतं, आणि ते कारण तुम्ही हातात द्यायचं असतं. जुने केसपेपर, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची अर्धी राहिलेली पाकिटं, डिस्चार्ज कार्ड. फाइल सापडत नसेल तर पूर्वीच्या डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र आणा. त्याबरोबर परवाची हकीकत, दिवस आणि वेळेसकट. ‘तो खूप त्रास देतो’ या वाक्याने कुणीच हलत नाही. ‘मंगळवारी रात्री साडेनऊला कोयता घेऊन वडिलांच्या अंगावर धावला, तेव्हापासून जेवलेला नाही, खोलीत रॉकेलचा कॅन आहे’ याने हलतात. (कॅन नसेल तर लिहू नका. वाढवून लिहिलेली एक गोष्ट उघडी पडली की बाकीच्या खऱ्या गोष्टीही संशयात जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.)

संरक्षणात घेतल्यावर पोलिसांवर काही बंधनं येतात. ती तुम्हाला माहीत हवीत, कारण त्या गोंधळात ती आठवण करून देणारं तिथे दुसरं कुणी नसतं.

का नेतोय हे त्याला सांगायचं. त्याला ते समजत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे तुमच्यापैकी एकाला. मग लवकरात लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. ‘कुठल्याही परिस्थितीत’ हे शब्द माझे नाहीत, कायद्याचेच आहेत. ठाण्यात थांबावं लागलंच तर बाकावर, पाणी आणि चहा देऊन, आणि तुम्ही जवळ बसून. बेड्यांचा त्या कलमात उल्लेखही नाही. संरक्षणातला माणूस आरोपी नसतो, हे तिथे शांतपणे म्हणा.

‘जवळच्या सरकारी दवाखान्यात’ यावर थोडं थांबते, कारण निम्मे तास इथे वाया जातात. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था आहे. पोलिसांना वाटतं, मानसिक रुग्ण म्हणजे थेट तिकडेच न्यायचा. मग गाडी नाही, डिझेल नाही, दोन माणसं दिवसभर अडकणार, बंदोबस्त आहे, अशी कारणं सुरू होतात, आणि ती खरीही असतात. पण कलम १०० मनोरुग्णालय म्हणतच नाही. तपासणीसाठी जवळचा सरकारी दवाखाना म्हणतं. तो ग्रामीण रुग्णालय असू शकतो, उपजिल्हा असू शकतो, सिव्हिल असू शकतो. तिथे मनोविकारतज्ज्ञ नसेल तर तपासणीची व्यवस्था करणं ही तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे, तेही त्याच कलमात आहे. म्हणजे ‘आमच्याकडे सायकियाट्रिस्ट नाही, दुसरीकडे न्या’ म्हणून रात्री अकराला पेशंटला गाडीतच बसवून ठेवणं हे दवाखान्याचंही चुकतं. ठाण्यात जायच्या आधी सिव्हिलला फोन करून मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वेळी असतात ते विचारून घ्या. जमलं तर सकाळची वेळ धरा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तुमच्या तालुक्याला ठरलेल्या वारी येत असेल तर त्यांनाही आधी कळवून ठेवा.

सोबतचा कॉन्स्टेबल ‘मेडिकल यादी’, म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी दवाखान्याला दिलेलं पत्र, घेऊन येईल, जखमींना आणताना देतात तशीच. त्या यादीवर ‘कलम १०० प्रमाणे संरक्षणात घेतलेल्या व्यक्तीची मानसिक आरोग्य तपासणी’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘वेडसर इसमाची तपासणी होणेबाबत’ असं लिहिलेली यादी घेऊन आलेल्या माणसाची ड्युटीवरच्या नवख्या डॉक्टरने नाडी बघितली, बीपी लिहिलं, ‘फिट’ असा शेरा मारला आणि अर्ध्या तासात परत पाठवलं, असं मी एकदा नव्हे, अनेकदा बघितलंय.

आता रुग्णवाहिका. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शारीरिक आजाराच्या रुग्णाला जशी रुग्णवाहिका मिळते तशीच, त्याच दर्जाची, मानसिक आजाराच्या रुग्णाला मिळायला हवी. १०८ ला फोन करताना ‘मेंटल पेशंट’ म्हणून फोन ठेवू नका. काय होतंय ते सांगा, आणि पोलिसांना कळवलंय हेही सांगा. पोलीस पुढे आणि माणूस रुग्णवाहिकेत, ही सगळ्यात चांगली रचना. गल्लीतल्या लोकांनी त्याला पोलीस गाडीत चढताना पाहिलं की ते पुढची वीस वर्षं विसरत नाहीत.

आणखी एक वाट आहे, तिची माहिती फार थोड्यांना असते. कलम ९४: तातडीचे उपचार. जीव जाण्याचा, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा, किंवा आजारामुळे मालमत्तेचं मोठं नुकसान होण्याचा धोका असेल, तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, दवाखान्यात किंवा घरीसुद्धा, तातडीचे उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. आणि जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत नेणं हाही त्या तातडीच्या उपचारांचाच भाग, असं कायद्यात स्पष्टीकरण दिलंय. मुदत ७२ तास किंवा संस्थेत तपासणी होईपर्यंत, दोन्हीपैकी जे आधी होईल ते. यात शॉक देता येत नाहीत. तुमच्या ओळखीचे फॅमिली डॉक्टर पोलिसांसोबत यायला तयार असतील तर कलम ९४ आणि कलम १०० एकमेकांच्या हाताला हात लावतात. असे डॉक्टर मिळणं कठीण. मला २६ वर्षांत तिघे मिळाले, त्यातले दोघे एकाच तालुक्यातले.

प्रत्यक्ष खोलीच्या दाराशी काय करायचं हे कायदा सांगत नाही, म्हणून ते मी सांगते.

आमच्याकडे एक हवालदार होते, निवृत्तीला आलेले. एका वस्तीवर असाच पोरगा खुरपं घेऊन गोठ्यात बसला होता. बाहेर तीस माणसं, सगळी ओरडतायत. हवालदारांनी पहिलं काम केलं ते बघ्यांना बांधाच्या पलीकडे पाठवायचं. मग टोपी काढून उंबऱ्यावर बसले, दारात आडवे नाही, एका अंगाला, त्याला बाहेर पडायची वाट मोकळी दिसेल असे. पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, ‘जेवलास का?’ तो नाही म्हणाला. कोण मारायला येतंय ते विचारलं, त्याने सांगितलं, हवालदारांनी ऐकून घेतलं. ‘असं काही नाहीये’ म्हणून वाद घातला नाही आणि ‘होय होय, मी त्यांना बघतो’ असं खोटंही बोलले नाहीत. ‘तुला झोप नाहीये किती दिवस?’ एवढंच विचारलं. पाऊण तास गेला. खुरपं चाऱ्यावर ठेवून तो उठला आणि भाकरी खाऊन गाडीत बसला. आमच्या डॉक्टरांनी त्या हवालदारांना वॉर्डात बोलवून इंटर्नच्या मुलांना हा प्रसंग सांगायला लावला होता.

तुमच्याकडे असेच हवालदार येतील याची खात्री नाही. पण एवढं तुमच्या हातात आहे: गाडीचा सायरन गल्लीच्या तोंडाशीच बंद करायला सांगा. गणवेशाची भीती त्याला आहे का हे आधीच सांगा, काहींना खाकी बघून धीर येतो, काहींचा संशय दुणावतो. त्याच्याशी एकाच माणसाने बोलायचं, आणि तो माणूस वडील नकोत, परवा त्यांच्यावरच हात उगारलाय. कोयता, सुऱ्या, खोलीतला गॅस, गच्चीची वाट, हे सगळं पोलिसांना जिन्याखालीच सांगून ठेवा. भावाऐवजी कुणी स्त्री रुग्ण असती तर महिला पोलीस सोबत हवीच, असा आग्रह धरला असता.

आणि एक पिशवी भरून ठेवा. त्यात त्याचे कपडे, चपला, चष्मा, फाइल, गोळ्या, आधार कार्डाची प्रत. बरा होऊन घरी गेलेला एक शिक्षक मला फॉलोअपला आला की दर वेळी एकच गोष्ट काढायचा. शॉक, इंजेक्शन, वॉर्ड, याबद्दल त्याची तक्रार नव्हती. ‘मॅडम, मला बनियनवर नेलं. शर्ट घालू द्या म्हटलं, घालू दिला नाही.’ त्याच्या वर्गातल्या मुलांनी ते पाहिलं होतं.

आता केसचं. दवाखान्यात नेणं हा गुन्हा नोंदवणं नव्हे. स्टेशन डायरीला नोंद होईल, ती व्हायलाच हवी, कारण २४ तास संरक्षणात घेतल्याच्या वेळेपासून मोजायचे असतात आणि ती वेळ त्या नोंदीवरून कळते. पण तुम्ही रागाच्या भरात ‘याने वडिलांना जिवे मारायचा प्रयत्न केला, याला आत टाका’ अशी फिर्याद दिलीत, तर गाडी वेगळ्याच रुळावर जाते. मग तो आरोपी होतो, अटक, रिमांड, जामीन असा रस्ता सुरू होतो, आणि तुरुंगातून उपचारांकडे वळायला महिने जातात. म्हणून अर्जात उपचाराची मागणी स्पष्ट लिहा. मात्र कुणाला खरोखर मोठी जखम झाली असेल तर ती लपवायला मी सांगणार नाही. ते लपतही नाही, दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होते.

त्याने स्वतःला काही करून घ्यायचा प्रयत्न केला, तर? घरच्यांना तेव्हा पोलिसांची एवढी धास्ती वाटते की विष घेतलेल्या पोराला ‘चुकून औषध प्यायला’ म्हणून आणतात आणि कुठलं औषध ते सांगत नाहीत. जीव जातो तो यात. याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरूनच चालायचं असतं, आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात जुन्या दंड संहितेतलं आत्महत्येच्या प्रयत्नाचं ३०९ कलम घेतलेलंच नाही. एक कलम २२६ आहे, पण ते सरकारी नोकराला काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून रोखण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दल आहे. जबाब घ्यायला पोलीस येतील, खरं सांगा.

समजा, तो दवाखान्यात पोचला. इथे घरचे ‘सुटलो’ म्हणून श्वास सोडतात आणि इथेच दुसरी गाठ पडते. पोलिसांनी आणलं म्हणजे भरती झाली, असं नसतं. पोलिसांचं काम तपासणीपर्यंत. तो नको म्हणत असताना भरती करायचं असेल तर कलम ८९ लागतं: प्रतिनिधीचा अर्ज, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी वेगवेगळी केलेली तपासणी, आणि अलीकडे त्याने स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, किंवा दुसऱ्याशी हिंसक वागला, किंवा स्वतःची काळजी घेणं जमेनासं होऊन धोका निर्माण झाला, यांपैकी काहीतरी. भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची, आणि तीही त्याहून कमी बंधनाचा मार्ग नसेल तरच. त्याची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत जाते, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. भाऊ स्वतःही त्या मंडळाकडे दाद मागू शकतो. मागू द्या.

म्हणून प्रतिनिधी कोण हे आजच घरात ठरवा. त्याने स्वतः कुणाचं नाव आधी लिहून दिलं नसेल तर नातेवाइकाचा क्रम येतो. माझं मत विचाराल तर अर्जावर सही वडिलांची नको, तुमची असू द्या. बरा झाल्यावरही ‘बापाने मला पोलिसांकरवी उचललं’ ही गोष्ट मनात राहते, आणि दोघांना पुन्हा एका छपराखाली राहायचंय. बहिणीवरचा राग त्या मानाने लवकर निवळतो, हा माझा अनुभव. कारण काय, ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी तपासून ‘भरतीची गरज नाही’ म्हटलं तर? तसं त्यांनी पोलिसांना कळवायचं आणि पोलिसांनी त्याला घरी आणून सोडायचं. दवाखान्याच्या फाटकावर सोडून निघून जायचं नाही. बेघर असेल तर बेघरांच्या सरकारी निवाऱ्यात न्यायचं. ‘भरती नाही’ याचा अर्थ उपचार नाहीत असा नाही. त्याच वेळी ओपीडीतून औषध सुरू करून घ्या.

बेघरांवरून आठवलं, हे तुमच्या कामाचं नाही पण लिहिते. रस्त्यावर सापडलेल्या मानसिक रुग्णासाठी ठाण्याने हरवलेल्या व्यक्तीचा प्रथम खबर अहवाल (एफआयआर) नोंदवून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा, हेही कलम १०० मध्येच आहे. माणूस इथे ‘सापडलेला’, पण कुठल्यातरी गावात तो ‘हरवलेला’ असतो. आमच्याकडे एसटी स्टँडवरून आणलेल्या एकाला सगळे मुका समजत होते. आठवडाभराने देगलूरकडचा एक सफाई कामगार ड्युटी बदलून आमच्या वॉर्डात आला आणि म्हणाला, ‘मुका कसला, तेलुगू बोलतोय की.’ आदिलाबादकडचं गाव निघालं. भाऊ न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात सहा वर्षांपूर्वी छापलेलं पत्रक होतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने असं काम किती मोठ्या प्रमाणावर उभं केलंय हे अनेकांना २०१८ च्या मॅगसेसे पुरस्कारानंतर कळलं.

कोर्टाची वाट पूर्ण बंद झालेली नाही, तिचं काम मात्र बदललंय. घरातच कुणाला कोंडलंय, साखळीने बांधलंय, उपाशी ठेवलंय, आणि घरचेच दाद देत नाहीत, तिथे कलम १०१ येतं. अशी खबर मिळाली की ठाण्याच्या प्रमुखाने लगेच मॅजिस्ट्रेटना कळवायचं. खबर कुणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा. मग कलम १०२ प्रमाणे मॅजिस्ट्रेट त्या व्यक्तीला सरकारी संस्थेत तपासणीसाठी पाठवू शकतात किंवा तपासणीपुरतं जास्तीत जास्त दहा दिवस भरती करायला सांगू शकतात. साखळीला या कायद्यात पूर्ण बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूत एरवाडीला शेडला आग लागली आणि साखळदंडात बांधलेली २८ माणसं जळून गेली. तुम्ही भावाला खोलीत बाहेरून कुलूप लावायचा विचार करत असाल तर करू नका. रात्री वायरिंग पेटली तर त्याला बाहेर कोण काढणार?

पोलीस या अर्जांकडे संशयाने बघतात त्याचं एक कारण आहे आणि ते मला मान्य आहे. जमिनीच्या वाटणीत अडचण झालेला भाऊ, घटस्फोट हवा असलेल्या नवऱ्याची बायको, मनाविरुद्ध लग्न केलेली मुलगी, यांना ‘वेडं’ ठरवायला लोक आमच्याच व्हरांड्यात आलेले आहेत. कायद्यातच लिहिलंय की कुटुंबाच्या किंवा समाजाच्या चालीरीतींप्रमाणे न वागणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. त्यामुळे साहेबांनी चार प्रश्न जास्त विचारले तर चिडू नका, कागद दाखवा.

तरीही नाही म्हणाले, तर? अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाला पाठवा. पण पोस्टाला दिवस लागतात, तोवर काही घडलं तर ११२. त्या फोनची नोंद होते आणि गाडी पाठवावी लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, वकील फुकट मिळतो. कायदा मोडणाऱ्याला पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ठाण्यात मात्र धमकी म्हणून ती काढू नका. त्यापेक्षा हे सांगा की चांगल्या हेतूने केलेल्या कृतीला या कायद्यात संरक्षण आहे. ‘उद्या त्याला काही झालं तर आमच्यावर येईल’ ही त्यांची खरी भीती असते, ती याने थोडी कमी होते.

रात्री-अपरात्री नुसतं बोलायला, काय करू विचारायला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. खोलीत बसलेल्या भावाला तो नंबर चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवूनही बघा. आमच्या एका पेशंटने तसा स्वतः फोन केला होता.

अर्ज असा लिहा, तपशील तुमचे घाला:

‘प्रति, मा. प्रभारी पोलीस अधिकारी. विषय: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १०० प्रमाणे माझ्या भावास संरक्षणात घेऊन तपासणीसाठी नेणेबाबत. महोदय, माझा भाऊ, वय २९, यास स्किझोफ्रेनिया असून उपचारांची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. तीन महिन्यांपासून औषध बंद आहे. दिनांक अमुक रोजी इतक्या वाजता त्याने वडिलांवर कोयता उगारला. सध्या तो घरातील खोलीत स्वतःला कोंडून आहे. आजारामुळे त्याच्यापासून त्याला स्वतःला व इतरांना धोका आहे. आम्ही घरचे आपणांस घरात येण्यास संमती देत आहोत. आमची मागणी गुन्हा दाखल करण्याची नसून त्यास नजीकच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी नेण्याची आहे. मी प्रतिनिधी म्हणून सोबत राहीन. माझा मोबाइल नंबर खाली दिला आहे.’

दोन प्रती काढा. दुसरीवर शिक्का, सही, आवक नंबर आणि वेळ. वेळ ते लिहीत नाहीत, मागून घ्या.